साठीनंतरचा सह्याद्री: चढण्यातलं आणि उतरण्यातलं अध्यात्म

वानप्रस्थी

नमस्कार मंडळी. साठी उलटल्यावरही ज्यांनी डोंगर सोडला नाही, किंवा ज्यांनी साठीनंतरच तो धरला, अशा सगळ्यांसाठी हा धागा.

आधी माझं मत मांडतो. तरुणपणी भटकंती म्हणजे अंगातली रग जिरवणं. माथा गाठला की ट्रेक झाला. उतारवयात तोच गड, तीच वाट काही वेगळंच शिकवायला लागते आणि ते शिक्षण अध्यात्माच्या फार जवळ जातं. आपल्याकडे डोंगर आणि साधना यांचं नातं जुनंच आहे. देहूजवळच्या भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर या डोंगरांवर तुकोबा एकांतासाठी जात. समर्थ शिवथरघळीत राहिले. निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले ते ब्रह्मगिरीवर, असं परंपरा सांगते.

पण 'निसर्गात गेलं की मन शांत होतं' एवढ्यावर मला थांबायचं नाही. शिकवण खरी असेल तर ती पावलात, श्वासात आणि पाठपिशवीत दिसली पाहिजे. म्हणून प्रश्न असा: सह्याद्रीत चालताना नेमकी कोणती कृती, कशी केली की कोणता गुण अंगी बाणतो? विनंती एकच, 'मी अमुक गड केला' अशा कथा नकोत, त्यांचे धागे भरपूर आहेत. वाट, वजन, वेळ, गुडघे, पाणी यांबद्दल लिहा.

सुरुवात अपरिग्रहापासून करतो. एका दिवसाच्या ट्रेकला पाठीवरचं वजन शरीराच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. साठ किलोच्या माणसाला सहा किलो. त्यात अडीच-तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो तिथेच गेले. उरलेल्या तीन किलोंत खाणं, विंडचीटर, विजेरी, औषधं, दोरीचा तुकडा आणि पिशवीचं स्वतःचं वजन. सगळं सामान सतरंजीवर मांडायचं आणि प्रत्येक वस्तूला विचारायचं, 'तू गरजेपोटी येतेयस की माझ्या भीतीपोटी?' निम्म्या वस्तू भीतीपोटी आलेल्या असतात.

पाऊलवाट

वाखू (वाचनखूण) साठवली. सतरंजीची कल्पना फार आवडली.

घसारा

धागा सुरू केल्याबद्दल आभार. माझ्या मते खरी शाळा उतारावर भरते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

चढताना दम लागतो, पण सांधे फारसे बिघडत नाहीत. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच आकसून शरीराचं वजन तोलत असतो. त्या ताणाने त्याचे तंतू दुखावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. हा स्नायू थकला की धक्का थेट गुडघ्यात जातो. म्हणून पाऊल लहान ठेवायचं, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा आणि टाच आपटायची नाही. उंच पायरी दिसली की उडी न मारता आडवं वळायचं आणि बाजूने उतरायचं.

आता मुरमाड घसारा. काळा कातळ झिजून वर लाल मुरूम पसरलेला असतो, खडे गोळ्यांसारखे गडगडतात. इथे बहुतेक जण घाबरून मागे रेलतात. मागे रेललं की वजन टाचेवर जातं, तळव्याची पकड सुटते आणि पाय सटकतो. करायचं नेमकं उलटं: गुडघे वाकवून वजन चवड्यांवर आणायचं, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचं आणि पूर्ण तळवा टेकवायचा. भीतीपोटी शरीर जी हालचाल करतं तीच पाडते, हे घसाऱ्यावर जितकं स्वच्छ कळतं तितकं कुठल्याही प्रवचनात कळत नाही. अभय हा गुण मला तरी इथेच भेटतो. भीती असू द्यावी, पण वजन तिच्या बाजूला टाकू नये.

कातळकडा

थोडा विरोधी सूर लावतो. ट्रेकिंग हा खेळ आहे. त्याला नियम आहेत, तंत्र आहे, शिस्त आहे. प्रत्येक गोष्टीला अध्यात्माची झूल पांघरली की तंत्र मागे पडतं. 'देव सांभाळून घेईल' म्हणत शेवाळलेल्या कातळावर चढणारे लोक याच विचारातून तयार होतात. घसाराभाऊंनी लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर, पण ते शरीरशास्त्र आहे. अध्यात्म कशाला मध्ये?

रानहळद

@कातळकडा, देव सांभाळतो म्हणून कुणी नियम मोडत असेल तर तो आळस. साधनेत तर नियम आधी येतात, यम-नियमांशिवाय पुढची पायरीच नाही.

नाडीठोके

वैद्यकीय बाजू मांडतो, कारण 'तप' या शब्दाने उतारवयात बरंच नुकसान होतं.

सहन करण्यासारखी वेदना आणि थांबायला सांगणारी वेदना यांतला फरक ओळखता आला पाहिजे. दोन्ही मांड्या सारख्याच जड होणं, पोटऱ्या ओढल्यासारख्या वाटणं, धाप लागून दोन मिनिटांत बसणं, हे चालायचंच. एकाच गुडघ्यात टोचणारी कळ, सांध्याला सूज, छातीत दाब, डावा हात किंवा जबडा भरून येणं, चक्कर, थंड घाम: इथे लगेच थांबायचं, बसायचं, सोबत्यांना सांगायचं. 'जरा वेळाने बघू' हे तप नव्हे.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी फार वाढतच नाही, त्यामुळे घड्याळावरचा आकडा पाहून वेग ठरवू नका. बोलण्याची कसोटी लावा. चालता चालता एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर वेग योग्य, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ट्रेकच्या दिवशी ती कधी आणि किती घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना लांब चालल्यावर साखर एकदम उतरू शकते. ग्लुकोज पिशवीच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवा आणि ते कुठे आहे हे सोबतच्या माणसाला माहीत असू द्या.

पाण्याचंही सांगतो. घाम गाळत नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाबवाल्यांनी मिठाचं प्रमाणही डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आणि तहान लागेल तसं घोट घोट प्या.

कोकणवारा

गडावर गरम पिठलं-भाकरी आणि ठेचा समोर आला की समाधी आपोआप लागते, त्यावरही एक परिच्छेद हवा :)

टाक्याचं_पाणी

कोकणवारा, त्यात खोटं काही नाही. पण पोटभर पिठल्यानंतर लगेच उतरायला लागू नका. अर्धा तास सावलीत बसा.

मला चढाबद्दल लिहायचंय. उतारवयात सगळ्यांत उपयोगी तंत्र म्हणजे थांबत चालणं. ते असं: पुढचं पाऊल वरच्या दगडावर ठेवायचं, पण त्यावर वजन द्यायचं नाही. मागचा पाय गुडघ्यात सरळ ठेवायचा म्हणजे शरीराचा भार स्नायूंऐवजी हाडांवर येतो. या स्थितीत एक श्वास. मग वजन पुढच्या पायावर, मागचा पाय उचलून वर, पुन्हा एक श्वास. बघणाऱ्याला हे रेंगाळणं वाटतं, पण प्रत्येक पावलागणिक स्नायूला अर्ध्या-एका सेकंदाची विश्रांती मिळते आणि कळसूबाईसारख्या चढावर ती फार मोलाची ठरते. घाईने वीस पावलं आणि मग धापा टाकत पाच मिनिटं, या पद्धतीपेक्षा माणूस लवकर पोचतो.

याच लयीत नाम बसतं. 'राम' पाऊल ठेवताना, 'कृष्ण' वजन टाकताना, 'हरी' श्वास सोडताना. ज्यांना नाम घ्यायचं नाही त्यांनी नुसता श्वास मोजावा. माथा किती राहिला हे विचारायची गरजच उरत नाही, कारण लक्ष एका पावलापुरतं झालेलं असतं. फळाची आस सोडायची तर ती अशी पावलापावलाने सुटते.

कातळकडा

तंत्र बिनचूक. पण नामाबद्दल एक हरकत नोंदवतो. कातळटप्पा आला की नाम बंद, गप्पा बंद, मोबाइल आत. तिथे तीन बिंदूंचा नियम: दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले, हलवायचा फक्त एक. पकड आधी थोपटून बघायची. पोकळ 'ठक' वाजली तर तो दगड सुटा आहे. ट्रेकिंगच्या काठ्या आधीच दुमडून पिशवीत टाकायच्या. मनगटात पट्टा अडकवून काठी लोंबत ठेवली तर ती पायात येते. नाम घेताना मन लयीत जातं आणि कातळावर लयीपेक्षा सावधपणा लागतो.

टाक्याचं_पाणी

मान्य. मळलेल्या वाटेवर नाम, कातळावर मौन. मला हे वाक्य पाठपिशवीवर लिहून ठेवायला आवडेल.

रानहळद

कातळकडा, बघा, अध्यात्म मध्ये नको म्हणता म्हणता तुम्ही धारणेचे, म्हणजे मन एका जागी बांधण्याचे, नियम लिहिलेत :)

सोनकी

बायकांच्या बाजूने एक महत्त्वाचा मुद्दा, कारण तो कुणी काढतच नाही. वाटेवर आडोसा मिळणार नाही म्हणून बऱ्याच जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोकं धरतं, पोटऱ्यांत गोळे येतात आणि लोक म्हणतात वय झालं. वय झालेलं नसतं, पाणी कमी पडलेलं असतं. गटप्रमुखाने दर दीड तासाने थांबा जाहीर करावा, पुरुषांनी पुढच्या वळणापर्यंत जावं आणि बायकांना दहा मिनिटं द्यावीत. वापरलेला कागद कुलूपपट्टीच्या (झिपलॉक) पिशवीतून परत आणायचा. टाक्यांपासून आणि ओढ्यापासून किमान साठ मीटर लांब जायचं.

पाळीनंतर हाडं ठिसूळ होतात हेही धरून चाला. साधं घसरून हातावर पडलं तरी मनगट मोडू शकतं. त्यासाठी काठ्या दोन घ्या, एक नको. समतल जागी कोपर काटकोनात येईल इतकी लांबी ठेवा. उतारावर ती पाच ते दहा सेंटिमीटर वाढवा. पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग मूठ धरायची, म्हणजे वजन पट्ट्यावर पडतं, बोटं दुखत नाहीत. उघड्या कातळावर लोखंडी टोक सटकतं, तिथे रबरी टोपण लावा. मातीत ते काढा.

ज्या गटात या गोष्टी उघडपणे बोलता येतात, तिथेच मला करुणा दिसते.

वानप्रस्थी

सोनकीताई, हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवावा असा आहे. गटप्रमुखांनी तो नक्की वाचावा.

दिंडीकर

गटाचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणा, मागे तुळस घेतलेल्या बाया असा क्रम असतो आणि विसावे ठरलेले असतात. पुण्याहून सासवडला जाताना माउलींची पालखी दिवे घाट चढते, तिथे सत्तरीतली माणसं तरुणांच्या जोडीने चढतात, कारण चाल सगळ्यांची मिळून एक असते. ट्रेकमध्ये हे का जमू नये? वाटाड्याच्या लगेच मागे सगळ्यांत हळू चालणारा ठेवा, सगळ्यांत तगडा माणूस शेवटी. एरवी हळू चालणारा मागे राहतो, तो पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती झालेली असते आणि तो पोचला की सगळे निघतात. ज्याला विश्रांती सगळ्यांत जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही.

कातळकडा

गटक्रमाबद्दल पूर्ण सहमत. पण वारी आणि ट्रेक एकाच तागडीत घालू नये. वारीत वाटेवर गावं आहेत, पाण्याचे टँकर आहेत, डॉक्टर आहेत. नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या उभ्या घळीत, पाय मुरगळला तर झोळी करून खाली आणायला सहा-आठ तास लागू शकतात.

दिंडीकर

ते बरोबर. चालीपुरतंच म्हणत होतो.

लेणंवाचक

ऐतिहासिक बाजू. घाटवाटांच्या कडेला असलेली भाजे, कार्ले, बेडसे, जुन्नर परिसरातली लेणी आठवा. बौद्ध भिक्खू वर्षभर फिरत, पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत. तोच वर्षावास. लेण्यांशेजारची कातळात खोदलेली टाकी आणि झोपायचे दगडी ओटे पाहिले की हा मुक्काम किती विचारपूर्वक आखला होता ते कळतं.

आज आपण नेमकं उलटं करतो, पाऊस पडला की गडांकडे धावतो. माझं ठाम मत आहे की साठीनंतर जुलै-ऑगस्टमध्ये निसरड्या गडांवर, नाळेत आणि ओढे ओलांडाव्या लागणाऱ्या वाटांवर जाऊ नये. माथ्यावर पडलेल्या पावसाने ओढा बघता बघता फुगतो आणि परतीची वाट बंद होते. या काळात टेकडी, डांबरी घाटरस्ता, पायऱ्यांची वाट पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोठ्या चालींचा काळ. चालण्याची आवड असताना न चालणं, हाही साधनेचाच भाग आहे.

कोकणवारा

पावसाळी ट्रेक बंद? लेणंवाचक, हे मात्र कठोर झालं. धुक्यातला राजमाचीचा रस्ता, रानहळद-तेरड्याची फुलं, हे सगळं सोडायचं?

लेणंवाचक

राजमाचीला लोणावळ्याकडून येणारा रुंद रस्ता आहे, तो हळूहळू चाला की. कोंदिवड्याकडून चढू नका इतकंच. आणि कारवी पाहायची तर ती पाऊस ओसरता ओसरता फुलते, तीही सात वर्षांनी एकदा. वाट पाहायला तिच्याइतकं कुणीच शिकवत नाही.

सांजवेळ

मला वैराग्याबद्दल लिहायचंय, आणि तेही गणितातून.

नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. कळसूबाई (१६४६ मीटर) बारी गावातून चढायची तर चढ साधारण ८५० ते ९०० मीटर, एका बाजूचं अंतर सहा-साडेसहा किलोमीटर. ठोकताळ्याने पावणेतीन तास होतात. साठीनंतर दीडपट धरा, म्हणजे सव्वाचार. शिड्यांपाशी सुट्टीच्या दिवशी रांग लागते, त्याचा अर्धा-पाऊण तास. पाच झाले. उतरायला कमी वेळ लागेल हे विसरा, गुडघे जपून उतरायचं तर चार तास तरी धरा.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. एक तास राखीव ठेवला तर पाचला पायथ्याशी हवं, म्हणजे दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं. ही परतीची वेळ निघण्याआधी कागदावर लिहा आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. माथा दोनशे मीटरवर दिसत असताना मन हजार कारणं काढतं: 'इतक्या लांब आलोय', 'पुन्हा कधी येणं होईल'. त्या क्षणी वळणं म्हणजे वैराग्य. आणि ते आधी लिहून ठेवलेलं असेल तरच साधतं, कारण चढाच्या नशेत घेतलेला निर्णय नेहमी माथ्याच्या बाजूने जातो.

घसारा

सांजवेळ, अप्रतिम. शिखर सोडता येणं ही शिखर गाठण्याहून मोठी गोष्ट आहे, हे मी प्रत्येक नवशिक्या ज्येष्ठाला सांगतो.

पाऊलवाट

वयाच्या मुद्द्यावर एक संदर्भ. विनोबांनी १९५१ मध्ये भूदानाची पदयात्रा सुरू केली तेव्हा ते ५५ वर्षांचे होते आणि पुढे तेरा वर्षांहून अधिक काळ ते चालत राहिले. पहाटे अंधारात निघायचं, उन्हं चढायच्या आत मुक्काम गाठायचा. आपल्यालाही हेच लागू: पहाटे लवकर निघा, अकराच्या आत मुख्य चढ संपवा.

चामडंकातडं

बुटांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माळ्यावर पाच-सहा वर्षं ठेवलेले महागडे बूट काढून थेट गडावर जाऊ नका. तळव्याच्या मधल्या थरातलं पॉलीयुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतं. बूट वरून नवाकोरा दिसतो आणि निम्म्या वाटेवर तळवा सोलून हातात येतो. तपासायचं असं: मधला थर अंगठ्याने दाबा. बारीक चिरा दिसल्या, भुगा निघाला किंवा चिकट लागलं तर बूट बाद. वाटेत तळवा निघालाच तर बुटाभोवती चिकटपट्टीचे वेढे द्यायचे, त्यासाठी पट्टी काठीला गुंडाळून ठेवावी.

उतरायच्या आधी नाडी पुन्हा बांधायची. घोट्याजवळ आवळून, बोटांकडे सैल. टाच मागे घट्ट बसली की बोटं पुढे आदळत नाहीत, नखं काळी पडत नाहीत. नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. आणि मोजे कोरडे ठेवा, ओल्या मोज्यांत फोड लवकर येतात.

यात अध्यात्म शोधायचं तर प्रत्येकाने आपापलं शोधावं. मला इतकंच दिसतं की जो माणूस उताराआधी न कंटाळता दोन मिनिटं खाली बसून नाडी बांधतो, तो सहसा पडत नाही.

रानहळद

आणखी एक. गावातला वाटाड्या घ्या, वाट माहीत असली तरी. विशीतल्या मुलाच्या मागे साठीतल्या माणसाने मुकाट चालावं, त्याने 'इथं बसा' म्हटलं की बसावं. आयुष्यभर हुकूम सोडायची सवय झालेल्यांना हे फार जड जातं. ढोरवाट कुठे फुटते, आग्या माशांची पोळी कुठे लटकतात, कुठलं टाकं पिण्याचं आणि कुठलं गुरांचं, हे त्यालाच ठाऊक असतं. पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका. आणि पोळ्यांच्या कड्याखाली अत्तर, धूर, आरडाओरडा यांतलं काहीही नको.

कातळकडा

वानप्रस्थी, तुमच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. सगळा धागा पुन्हा वाचला. माझा आक्षेप अजून आहे, पण थोडा बदललाय. अध्यात्म हा शब्द तंत्राच्या जागी आला तर तो घातक. तंत्र मनापासून पाळताना जे घडतं त्याला कुणी अध्यात्म म्हटलं तर माझी हरकत नाही. तयारीबद्दल मात्र कुणी लिहिलेलं नाही, ते मी लिहितो.

मोठ्या ट्रेकच्या आठ-दहा आठवडे आधी सुरुवात करा. वीस सेंटिमीटर उंचीची पायरी घ्या. एक पाय पायरीवर ठेवून दुसरा तीन सेकंद मोजत हळू जमिनीला टेकवा, वर येताना एक सेकंद. प्रत्येक पायाने दहा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. उतारासाठी हाच व्यायाम मुख्य आहे. पुणेकरांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच, पण तिथेही चढण्याचा वेग न मोजता उतरताना आवाज न करता उतरता येतं का ते पाहा. शेवटच्या महिन्यात पाठीवर रिकाम्या पिशवीपासून सुरू करून दर आठवड्याला एक किलो वाढवा. एका पायावर तीस सेकंद उभं राहता येत नसेल तर कातळटप्प्याच्या वाटा सध्या नको.

वानप्रस्थी

कातळकडा, तुमच्या आक्षेपामुळेच धागा नीट चालला. मनापासून आभार.

दोन-तीन जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय की सुरुवात कोणत्या वाटांनी करावी. माझा क्रम असा: आधी लोहगड, पायऱ्या आहेत आणि वाट स्पष्ट आहे. मग सिंहगड आतकरवाडीकडून, पण चढून-उतरून, गाडीने परत नाही. मग राजगड पाली दरवाजाने. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट पहिल्यांदा टाळावी. भीमाशंकर खांडसहून चढायचं तर गणेश घाटाने, शिडी घाट नको. हे सगळं गुडघ्यांनी नीट पेललं की हरिश्चंद्रगड पाचनईकडून, मुक्काम करून. त्याच गडाच्या खड्या, कातळी नळीच्या वाटेचं नाव काढू नये.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत लिंगाभोवती कमरेइतकं गार पाणी असतं. चालून तापलेल्या अंगाने त्यात एकदम उतरू नका. आधी अर्धा तास बाहेर बसा, घाम वाळू द्या, पाय भिजवा, मग आत जा. तळाशी शेवाळ असतं, कुणाचा तरी हात धरून चाला.

सोनकी

पाचनईकडून जानेवारीत जायचं ठरवत असाल तर रात्री गडावर थंडी चांगलीच असते. लोकरी टोपी आणि जाड मोज्यांचा दुसरा जोड सतरंजीवरून उचलून पिशवीत टाका. या दोन वस्तू गरजेच्या यादीतल्या आहेत.